पैसे कनवटीला, मोबाईल वाऱ्यावर : दादर ते डोंबिवली प्रवासातल्या एका चोरीचं प्रकरण

निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी दोन तास बसते. त्याआधी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. वारसनोंद, हयातीचा दाखला, बंद पडलेलं खातं अशा कामांसाठी लोक येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका वाक्याची भर पडली आहे : "ताई, खात्यातून पैसे गेले."

हे प्रकरण त्यांपैकीच एक. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि बँक व पोलीस ठाणं कोणतं ते मुद्दाम सांगितलेलं नाही. वेळा मात्र जशा कागदांवर आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ मिनिटांचा आहे.

पार्श्वभूमी

सुमनताई ५८ वर्षांच्या. एका पतसंस्थेत कारकून होत्या, वर्षभरापूर्वी निवृत्त झाल्या. यजमान नाहीत. डोंबिवलीत मुलगा आणि सुनेसोबत राहतात. पैशाच्या बाबतीत बावळट म्हणावं अशा त्या अजिबात नाहीत. रोज लाखांची रोकड मोजलेली, बनावट नोट बोटांना कळणारी बाई. बाहेर पडताना रोख कशी न्यायची याची त्यांची पद्धत आईकडून आलेली : परकराला आतून शिवलेला खिसा, त्याला टिचबटण आणि वरून आडवी सेफ्टी पिन. जुन्या बायका कनवटीला पैसे लावायच्या, तसंच हे.

मोबाईलचं मात्र वेगळं. त्याच्या पारदर्शक कव्हरच्या आत मागच्या बाजूला त्यांनी डेबिट कार्ड ठेवलं होतं, त्याच्यामागे आधार कार्ड आणि घडी घातलेली दहाची नोट. "शोधायला नको, सगळं एका जागी," असं त्या मला नंतर म्हणाल्या. मोबाईल उघडायचा आकडा १९६६, म्हणजे त्यांचं जन्मसाल. यूपीआयचा पिनही तोच. आणि तेच साल कव्हरमधून डोकावणाऱ्या आधार कार्डावर छापलेलं.

त्या मोबाईलला बचत खातं जोडलेलं होतं. त्यात निवृत्तीच्या रकमेतले सुमारे एक लाख बारा हजार रुपये होते.

त्या संध्याकाळी काय घडलं

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार. तुळशीची लग्नं होऊन गेलेली, पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर. सुमनताई दादरला बस्ता बांधायला गेल्या. परकराच्या खिशात २८,००० रुपये. रानडे रोडवर साड्या घेतल्या, दुकानाच्या आत आडोशाला जाऊन रोख काढली आणि मोजून दिली. उरलेले ६,४०० पुन्हा खिशात, पिन लावली.

परत येताना स्टेशनजवळच्या फुलबाजारात वेणी आणि गजरे घेतले. १६० रुपये झाले. इथे मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. रोख इतकी नीट लपवलेली की भर रस्त्यात ती काढणं शक्यच नव्हतं. म्हणून दुपारपासून रिक्षा, चहा, गजरे, सगळीकडे मोबाईलच बाहेर निघत होता. दुपारभरात त्यांनी तो पाच वेळा लोकांदेखत उघडला आणि पाच वेळा तेच चार आकडे दाबले.

दोन्ही हातांत साड्यांच्या पिशव्या, खांद्याला पर्स. मोबाईल पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. पिशवी धरलेल्या हाताने चेन अर्धीच लागली. ५.५२ च्या सुमारास जलद गाडी आली. बायकांच्या डब्याच्या दारात जी रेटारेटी होते ती रोजचीच. खिसेकापूंना हाच क्षण लागतो. आपलं सगळं लक्ष पाय आत पडतो की नाही इकडे असतं, अंगाला चारी बाजूंनी धक्के बसत असतात, त्यातला एक धक्का वेगळा होता हे कळायला मार्ग नसतो. आणि मोबाईल काढणारा गाडीत चढतच नाही. तो फलाटावरच राहतो, गाडी आपल्याला घेऊन निघून जाते.

कुर्ला मागे पडल्यावर, साधारण ६.०५ ला, सुमनताईंनी पर्सला हात लावला. कप्पा रिकामा होता.

गाडीतली २५ मिनिटं : पहिला निर्णय

शेजारच्या मुलीने लगेच आपला मोबाईल पुढे केला. "काकू, नंबर सांगा, रिंग देऊ." रिंग गेली, दोनदा वाजली आणि मग फोन बंद झाला. डब्यात सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, घाटकोपरला उतरून दादरला परत जा, फलाटावर पडला असेल. कुणी म्हणालं, साखळी ओढा. एक बाई म्हणाली, "गेला तो, आता घरी जा आणि नवीन घ्या."

त्या क्षणी त्यांच्यासमोर खरं तर चार वाटा होत्या. घाटकोपरला उतरून रेल्वे पोलिसांत जाणं. दादरला परत जाणं. त्या मुलीच्याच मोबाईलवरून बँकेला फोन करून खातं बंद करणं. किंवा घरी जाऊन मुलाला सांगणं.

सुमनताईंनी चौथी वाट धरली. मी त्यांना दोष देत नाही, कारण तिसरी वाट त्यांच्यासाठी बंदच होती. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला, कार्ड मोबाईलसोबत गेलेलं. खाते क्रमांक पाठ नव्हता. मुलाला फोन करावा तर त्याचाही नंबर पाठ नव्हता. मुलीने विचारलं, "काकू, घरच्या कुणाचा नंबर आठवतोय का?" तेव्हा त्यांना एकच नंबर आठवला : त्यांच्या जुन्या घरातला, दहा वर्षांपूर्वी बंद केलेला लँडलाईन. हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला होता. पैसे गेल्याचं सांगताना तो दाटला नव्हता.

आता वेळ बघा. मोबाईल गेल्याचं ६.०५ ला कळलं. खात्यातून पहिला रुपया ६.३१ ला हलला. मधली जवळजवळ २५ मिनिटं त्या गाडीत उभ्या होत्या, शेजारी चालू मोबाईल होता, मदत करायला तयार असलेली मुलगी होती. सगळं वाचू शकत होतं. हाताशी एक चिठ्ठी नव्हती, एवढंच.

खात्यावर काय चाललं होतं

हा मिनिटवार तपशील घरच्यांना सोमवारी बँकेतून कळला.

६.३१ ला १ रुपया. पिन चालतो का, हे बघण्यासाठी.
६.३३ ला ४०,००० रुपये.
६.५८ ला १०,००० रुपये.
७.२२ ला २५,००० रुपये.

एकूण ७५,००१. यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख आहे, त्यामुळे कुठेही अडलं नाही. प्रत्येक वेळी बँकेने एसएमएस पाठवला, पण तो चोराच्या हातातल्या मोबाईलवर. सिम आत, मोबाईल उघडलेला, ॲप आधीच नोंदवलेलं, पिन आधार कार्डावरून ओळखता येण्यासारखा. त्याला काहीही फोडावं लागलं नाही.

घरी पोचल्यावर : दुसरा निर्णय

सुमनताई ७.०२ ला घरी आल्या. मुलगा समंजस आहे, आईला ओरडला नाही. पण पहिली दहा-बारा मिनिटं त्याने मोबाईल नकाशावर शोधण्यात घालवली. लॅपटॉप उघडला, आईच्या ईमेलचा पासवर्ड आठवेना, तो बदलायला ओटीपी हवा आणि ओटीपी त्याच चोरीच्या मोबाईलवर. वस्तू शोधायची ही धडपड मला जवळजवळ प्रत्येक प्रकरणात दिसते. बारा-पंधरा हजारांच्या वस्तूमागे माणूस धावतो आणि लाखाचं खातं उघडं राहतं.

सून म्हणाली, "अहो, आधी बँकेला फोन करा ना." ७.१४ ला फोन लागला. यंत्रातल्या आवाजाने पर्याय वाचून दाखवले, त्यात 'कार्ड हरवलं असल्यास' हा लगेच आला, मुलाने तो दाबला. पुढे माणूस आला. मुलगा त्याला म्हणाला, "आईचा मोबाईल चोरीला गेलाय, कार्डपण त्यातच आहे, सगळं बंद करा." समोरच्याने सुमनताईंची जन्मतारीख, आईचं नाव विचारलं, कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांक दिला. मुलाने तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर, ३० तारखेच्या चौकटीत लिहिला आणि शेजारी ७.१४ लिहून ठेवलं. वेळ का लिहावीशी वाटली, ते त्याला सांगता येत नाही. पुढे त्याच चौकटीने २५,००० रुपये परत आणले.

कारण फक्त कार्ड बंद झालं होतं. यूपीआयला कार्ड लागत नाही, ते थेट खात्याला जोडलेलं असतं. घरात सगळे सुस्कारा सोडून चहा प्यायला बसले आणि ७.२२ ला आणखी २५,००० गेले.

बँकेत इतकी वर्षं काढलेल्या मला हे लिहिताना त्रास होतो. घाबरलेल्या माणसाला कार्ड, यूपीआय, मोबाईल बँकिंग, नेट बँकिंग हे वेगवेगळे दरवाजे आहेत हे ठाऊक नसतं. त्याने 'सगळं बंद करा' म्हटलं की सगळं बंद झालं पाहिजे. ते होईपर्यंत आपल्यालाच शब्द वापरावे लागतील : "खात्यावर डेबिट फ्रीज लावा. कार्ड, यूपीआय, मोबाईल बँकिंग, नेट बँकिंग, चारही बंद करा. चारही झाले का, सांगा." डेबिट फ्रीज म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणंच थांबवणं.

७.५० ला मुलाच्या चुलत भावाने फोनवर १९३० हा क्रमांक सांगितला. सायबर फसवणुकीसाठीची ही देशभराची हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या खात्याच्या बँकेकडे आणि तिथून ते ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे सरकते. पैसे तिथे शिल्लक असतील तर जागीच गोठवले जातात. नसतील तर पुढच्या खात्यात, मग त्याच्या पुढच्या. चोर पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाहीत. चार-दोन हजार देऊन भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. ही साखळी जितकी लांबेल तितकं हाती कमी लागतं. इथे पहिल्या ५०,००० पैकी १८,५०० रुपये दुसऱ्या टप्प्यातल्या खात्यात सापडले आणि गोठले. बाकीचे निघून गेलेले होते.

१९३० वर बोलणाऱ्याने मुलाला एक गोष्ट विचारली : "यूपीआय बंद केलं का?" तेव्हा घरात लक्षात आलं. ८.०५ ला बँकेला पुन्हा फोन झाला आणि खातं खरोखर बंद झालं.

गहाळ की चोरी : तिसरा निर्णय

रात्री साडेनऊला मुलगा आणि सुमनताई रेल्वे पोलीस ठाण्यात गेले. निघताना शेजारच्या काकांनी सांगितलं होतं, "गहाळ म्हणून दे, पाच मिनिटांत शिक्का मिळतो. चोरी म्हणालास तर रात्रभर बसवतील." मुलाचाही तोच विचार होता. नवीन सिम मिळण्यापुरता कागद हवा, बास.

सुमनताईंनी नकार दिला. "माझ्या हातून पडला नाही रे, काढलाय. जे झालं ते लिही." पतसंस्थेत वर्षानुवर्षं खोटी नोंद कधी केली नव्हती, ती आता का करायची, एवढाच त्यांचा विचार होता. पण हा निर्णय सगळ्यात फायद्याचा ठरला. गहाळ म्हणजे वस्तू तुमच्या हातून हरवली. तसं लिहून दिलं असतं तर पुढे बँकेला तोच कागद दाखवून निष्काळजीपणा तुमचाच म्हणता आलं असतं. चोरीचा गुन्हा नोंदला गेला तर तपास होतो आणि गोठवलेले पैसे सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करताना तोच आधार असतो.

इथे आणखी एक गोष्ट सांगते, कारण लोक यात फार हेलपाटे घालतात. गाडीत किंवा फलाटावर झालेल्या चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. ते राज्याचे पोलीस. रेल्वे सुरक्षा दल वेगळं, ते केंद्राचं. मदतीसाठी १३९ ला फोन करता येतो. आणि गुन्हा 'आमच्या हद्दीत नाही' हे कारण आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते आणि नोंदलेल्या माहितीची प्रत फुकट मिळते. दादरची चोरी म्हणून त्या रात्री उलट प्रवास करायची गरज नव्हती.

पोलिसांनी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, विचारला. तो मोबाईलच्या खोक्यावर असतो, आणि खोकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेलं. बिल मात्र सुनेने जपून ठेवलेलं होतं, त्यावर क्रमांक होता.

रविवारी दुपारी त्याच नंबरचं नवीन सिम मिळालं, जुनं बंद झालं. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. सिम बदलून फसवणूक होऊ नये म्हणून केलेला हा नियम, तेव्हा तक्रार नाही. पण तोवर ओटीपी येणार नाही हे घरी माहीत नव्हतं आणि रविवारचा उरलेला दिवस नवं सिम बिघडलंय असं समजून गेला. सोमवारी संध्याकाळी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाईल बंद करण्याची विनंती टाकली. त्याला पोलीस तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र लागलं. मोबाईल त्यानंतर देशातल्या कुठल्याही सिमवर चालेनासा झाला. परत मात्र मिळालेला नाही.

बँकेशी पत्रव्यवहार : चौथा निर्णय, आणि तो माझा

सोमवारी, २ डिसेंबरला, सुमनताईंनी शाखेत लेखी तक्रार दिली. गुरुवारी मुलगा आणि त्या माझ्याकडे आल्या. सोबत कालनिर्णयाचं पान फाडून आणलं होतं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक हा तेव्हा आमचा आधार होता. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कुणी सोसायचं ते त्यात ठरवून दिलं होतं. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच नाही. चूक दोघांचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तरीही काहीच नाही. चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर.

म्हणजे ७.१४ ही रेघ होती. त्यानंतरचे ७.२२ चे २५,००० कुठल्याही अर्थाने बँकेचे.

आधीच्या ५०,००१ रुपयांचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सगळ्या रकमेवर एकच दावा ठोकायचा, की दोन भाग करायचे? मला भीती वाटली की जन्मसालाचा पिन आणि कव्हरमधलं आधार कार्ड यावर बोट ठेवून बँक सगळंच नाकारेल आणि सरळ असलेले २५,०००ही त्यात अडकतील. म्हणून मी दोन भाग करायला सांगितलं : २५,००० ची मागणी, आणि उरलेल्यासाठी विनंती.

आज मला तो सल्ला अर्धवट वाटतो. दोन भाग करणं बरोबर होतं, 'विनंती' हा शब्द चुकला. चोरीला गेलेला पिन म्हणजे कुणाला दिलेला पिन नव्हे. परिपत्रकात निष्काळजीपणाचं उदाहरण दिलं होतं ते गोपनीय माहिती दुसऱ्याला देण्याचं. सुमनताईंनी कुणालाही काही दिलेलं नव्हतं. दोन्ही भाग मागणी म्हणूनच लिहायला हवे होते. निकाल बदलला असता असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बँकेला निदान आपली बाजू मांडावी लागली असती. मी काउंटरच्या पलीकडे इतकी वर्षं बसले की बँक काय म्हणेल हे आधी डोक्यात आलं, बाईची बाजू नंतर.

१९ डिसेंबरला बँकेचं उत्तर आलं. चार ओळी. सर्व व्यवहार योग्य पिन टाकून झाले आहेत, म्हणून जबाबदारी ग्राहकाची. ७.१४ च्या फोनबद्दल 'ग्राहकाने फक्त कार्ड बंद करण्यास सांगितले' असं लिहिलं होतं. आम्ही तक्रार क्रमांक देऊन त्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण मागितलं. उत्तर नाही.

जानेवारीत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. ती फुकट असते, वकील लागत नाही. बँकेने नाकारलं असेल किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नसेल तर करता येते. अर्जात भावना एक ओळही ठेवली नाही. वेळा, रकमा, तक्रार क्रमांक, कालनिर्णयाच्या पानाचा फोटो, मुलाच्या मोबाईलवरची ७.१४ च्या कॉलची नोंद, आणि ध्वनिमुद्रण तपासावं ही मागणी.

काय हाती लागलं

फेब्रुवारीत, लोकपालाचा निर्णय येण्याआधीच, बँकेने २५,००० रुपये खात्यात जमा केले. गोठवलेले १८,५०० सोडवायला पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागला. मुलाच्या तीन रजा गेल्या, जूनमध्ये पैसे आले. मोबाईल सोडून ३१,५०१ रुपये बुडाले. आधीच्या रकमेची विनंती नामंजूर झाली.

परकराच्या खिशातले ६,४०० रुपये त्या रात्री जसेच्या तसे निघाले.

वेगळं काय करता आलं असतं

दादरच्या गर्दीत मोबाईल मारला जाणारच नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून मी 'सावध राहा' या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. मोबाईल गेला तरी सोबत काय जातं, हे मात्र आपल्या हातात आहे.

सुमनताईंच्या बाबतीत मोबाईल, कार्ड, आधार आणि पिनचा पुरावा, चारही एकाच कव्हरमध्ये होते. ही चार टोकं वेगळी असती तर चोराला निव्वळ एक वस्तू मिळाली असती. त्यांच्याकडे रोख वेगळी ठेवण्याची शिस्त चाळीस वर्षांची होती. तीच शिस्त मोबाईलकडे कधी वळली नाही, कारण मोबाईलला कुणी 'पैसे' म्हटलंच नव्हतं.

दुसरं, बाजारात निघताना वरखर्चाला सुट्टे पैसे वेगळे हवे होते. सगळीच रोख परकरात, म्हणून १६० रुपयांच्या गजऱ्यासाठी एक लाख बारा हजारांचं खातं उघडावं लागलं. आता सुमनताई एका छोट्या बटव्यात तीन-चारशे रुपये ठेवतात. शिवाय मुलाने दुसऱ्या बँकेत एक 'बाजाराचं खातं' काढून दिलं. त्यात दोन-तीन हजारांहून जास्त ठेवायचे नाहीत आणि मोबाईलवर फक्त तेच जोडायचं. निवृत्तीची रक्कम असलेल्या खात्याला यूपीआय नाही. मला विचाराल तर या प्रकरणातून निघालेला हा सगळ्यात कामाचा बदल. ज्यांना दुसरं खातं नको त्यांनी बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल तर यूपीआयची दिवसाची मर्यादा पाच हजारांवर आणावी. मोठी रक्कम द्यायच्या दिवशी वाढवता येते. यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआयमधलं छोट्या रकमांचं वेगळं पाकीट, तेही चालेल. त्याला पिन लागत नाही, म्हणजे गर्दीत तो दाबून दाखवावा लागत नाही, आणि ४ डिसेंबर २०२४ ला मर्यादा वाढवल्यानंतरही त्यात ५,००० हून जास्त ठेवता येत नाहीत.

सिमलाही पिन लावता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो लावला की सिम दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून ओटीपी घेता येत नाही. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू न देण्याची सोयही प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. या दोन गोष्टी घरातल्या तरुणांनी बसून करून द्यायच्या आहेत. आईला 'तू करून घे' सांगून चालत नाही.

आणि ती चिठ्ठी. गाडीतल्या त्या २५ मिनिटांसाठी. पोस्टकार्डाच्या चतकोर तुकड्यावर मुलाचा आणि सुनेचा नंबर, बँकेचा २४ तास चालणारा नंबर, १९३०, मोबाईलचा आयएमईआय, आणि खाली 'डेबिट फ्रीज लावा' हे शब्द. पिन नाही, पूर्ण खाते क्रमांक नाही, शेवटचे चार आकडे पुरतात. सुमनताईंनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून परकराच्या खिशात ठेवली आहे. संघात आम्ही अशा चिठ्ठ्या आता प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहायला लावतो, कारण लिहिताना अर्ध्या जणांच्या लक्षात येतं की मुलाचा नंबर आपल्यालाही आठवत नाही.

मागच्या गुरुवारी सुमनताई आल्या त्या त्यांच्या मैत्रिणीला घेऊन. तिच्या मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमध्ये कार्ड दिसत होतं. सुमनताईंनी काही न बोलता तो मोबाईल माझ्या टेबलावर उलटा ठेवला, कव्हर काढलं, कार्ड तिच्या हातात दिलं आणि माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातला एक कोरा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "आधी सुनेचा नंबर लिही," त्या म्हणाल्या. "न बघता."